पेशीचा कायदा आणि माणसाची युक्ती

दह्याचे विरजण आणि इडलीचे पीठ यांमुळे सूक्ष्म जीवांची सेवा आपल्या घरांना चिरपरिचित आहे. परंतु अमिनो आम्लांची गोष्ट निराळी. प्रथिनांची ही घटकद्रव्ये पेशी स्वतःपुरतीच बनविते आणि गरज भागली की थांबते. हा तिचा स्वयंभू कायदा होय. तो वाकवून विपुलता कशी साधली गेली, हा इतिहास बोधप्रद आहे.

१९०८ साली टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी दाखवून दिले की, कोंबू नामक सागरी शेवाळाच्या रश्श्याची रुची ग्लुटामिक आम्लामुळे येते. १९०९ मध्ये त्याचे लवण ‘अजिनोमोटो’ या नावाने विक्रीस आले. त्यासाठी गव्हातील चिकट प्रथिन हायड्रोक्लोरिक आम्लात उकळावे लागे. हे आम्ल धातूची भांडी खाऊन टाकी. म्हणून प्रारंभी मातीचे रांजण वापरीत.

१९५६ च्या सुमारास क्योवा हाक्को या जपानी संस्थेतील शुकुओ किनोशिता व शिगेझो उदाका यांनी वेगळा मार्ग शोधला. ग्लुटामिक आम्लावाचून न वाढणारा एक जीवाणू त्यांनी साक्षीदार म्हणून नेमला. ज्या वसाहतीभोवती तो वाढे, तीच ते आम्ल बाहेर टाकीत असली पाहिजे. अशा रीतीने हाती लागलेला जीव आज ‘कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम’ म्हणून ओळखला जातो. नवल असे की, बायोटिन हे जीवनसत्त्व त्याला भरपूर दिल्यास तो संयमाने राहतो. ते तुटपुंजे दिले की साखरेचे ग्लुटामिक आम्ल करून बाहेर ओततो. औदार्य येथे उणिवेतून जन्मले.

लायसीनच्या बाबतीत कायदा अधिक कडक होता. लायसीन आणि थ्रिओनीन ही दोन्ही साठली की पेशीतील एक विकर काम थांबविते. १९५८ मध्ये होमोसेरीन बनविण्यास असमर्थ असा उत्परिवर्तित जीवाणू पुढे आला. होमोसेरीन नाही म्हणून थ्रिओनीन नाही, आणि थ्रिओनीन नाही म्हणून मनाईहुकूमही नाही! मात्र ज्या द्रव्याला तो मुकला, ते त्याला बाहेरून पुरविणे माणसावर आले. कायदा मोडणाऱ्यावर पोटगीचा भार पडतो, तसाच हा न्याय.

पुढे अनेक वर्षे किरणे व रसायने यांच्या माऱ्याने असे जीवाणू निपजविले गेले. उत्पादन वाढले, पण नको त्या ठिकाणीही जखमा झाल्या आणि जीव दुर्बळ झाले. जनुकसंहितेचे वाचन शक्य झाल्यावर २००२ साली क्योवा हाक्कोच्याच संशोधकांनी निरोगी मूळ जीवाणूत निवडक तीनच बदल घडविले. तो जोमाने वाढला आणि लिटरमागे सुमारे ८० ग्रॅम लायसीन देऊ लागला.

आज उसाची मळी व मक्याची साखर यांवर हे जीवाणू पोसले जातात आणि त्यांचे लायसीन कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात मिसळले जाते. संहिता फाडून जे साधले नाही, ते तीन कलमांच्या दुरुस्तीने साधले. परंतु दुरुस्तीचा अधिकार ज्याने संहिता आधी समजून घेतली त्यालाच शोभतो, हे न्यायालयात जितके खरे, तितकेच प्रयोगशाळेतही.