ब्यूट, प्रेअरी आणि भेंडीचा चिखल

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात बेल फूशहून निघणारा हायवे ८५ बफेलो, बोमन, अमिडन ही गावं घेत उत्तरेकडे नॉर्थ डकोटात जातो. वसंतात इथलं गवत नुकतं हिरवं होत असतं, आणि त्या अफाट सपाटीवर मध्येच एखादी सुटी टेकडी उभी दिसते: माथा सपाट, कडे ताठ. या गवताळ मुलखाला तिथं ‘प्रेअरी’ म्हणतात आणि टेकडीला ‘ब्यूट’. दोन्ही शब्द इंग्रजीनं फ्रेंचकडून घेतले.

‘प्रेअरी’च्या मुळाशी लॅटिन ‘प्रातुम’ आहे, म्हणजे कुरण. माद्रिदच्या प्रसिद्ध ‘प्रादो’ संग्रहालयाचं नावही त्याच कुळातलं. ‘ब्यूट’चं मूळ आणखी वेधक. फ्रेंचमध्ये नेमबाजीचं लक्ष्य ज्या मातीच्या उंचवट्यावर मांडत, त्याला हे नाव होतं. पुढे कुठल्याही टेकाडाला ते लागलं. पॅरिसचं मोंमार्त्र आजही ‘ला ब्यूत’ म्हणून ओळखलं जातं. माथ्यावरचा कठीण खडक टिकतो, भोवतीचा मऊ थर झिजून जातो, आणि ब्यूट उरते. अमिडनजवळची व्हाइट ब्यूट ३,५०६ फुटांची. नॉर्थ डकोटातलं सर्वांत उंच ठिकाण तेच.

फ्रेंच इथं आले ते वाट शोधत आणि केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी. ला व्हेरेन्द्री या शोधक बंधूंनी १७४३ मध्ये फ्रान्सचा हक्क सांगत मिसुरी नदीकाठी पुरलेला शिशाचा पत्रा १९१३ मध्ये शाळकरी मुलांना सापडला. १८०३ मध्ये फ्रान्सनं हा सारा मुलूख अमेरिकेला विकला, पण शब्द मागेच राहिले आणि स्थानिक जिभेवर बदलले. ‘बेल फुर्श’, म्हणजे नद्यांचं सुंदर बेचकं, त्याचं ‘बेल फूश’ झालं. साउथ डकोटाची राजधानी ‘पिएर’ला तिथले लोक ‘पीर’ म्हणतात.

वसंताचे शब्द तर याहून दूरचे. बर्फ वितळताच माळावर जांभळट पास्क फूल उमलतं. साउथ डकोटाचं ते राज्यफूल. ‘पास्क’ म्हणजे ईस्टर. हिब्रू ‘पेसाख’ ग्रीक आणि लॅटिनमार्गे फ्रेंचमध्ये आला. त्याचीच दुसरी शाखा पोर्तुगीजांबरोबर गोव्यात पोचली आणि कोकणीत ईस्टर ‘पास्कांचें फेस्त’ झालं. पाऊस पडला की इथल्या कच्च्या रस्त्यांची चिकणमाती चाकांना लपेटून बसते. तिला म्हणतात ‘गम्बो’. आफ्रिकेतल्या बांटू भाषांमध्ये भेंडीला असलेलं हे नाव गुलामांबरोबर लुइझियानात आलं, तिथल्या बुळबुळीत रश्शाला मिळालं, आणि अखेर या चिखलाला चिकटलं. भेंडी चिरणाऱ्या कुणालाही हे नाव समजावून सांगावं लागणार नाही.

पण या सगळ्या शब्दांच्या आधी इथं लाकोटा या मूलनिवासी लोकांची भाषा होती. ‘डकोटा’, ‘लाकोटा’ या नावांचाच अर्थ मित्र, सोबती. इथल्या झिजलेल्या, उजाड ‘बॅडलँड्स’ना लाकोटा ‘माको सिचा’ म्हणत: वाईट भूमी. फ्रेंचांनी त्याच अर्थाचं नाव वापरलं, इंग्रजीनंही. स्टर्जिसजवळच्या ‘बेअर ब्यूट’चं लाकोटा नाव ‘मातो पाहा’. मातो म्हणजे अस्वल, पाहा म्हणजे टेकडी. नकाशावरच्या नावात ‘बेअर’ इंग्रजी, ‘ब्यूट’ फ्रेंच, आणि कल्पना मात्र लाकोटांची. गंमत म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबानं ही ब्यूट नाहीच. जमिनीखाली शिरलेल्या शिलारसाचा थिजलेला घुमट, वरचे थर झिजल्यावर उघडा पडलेला. लाकोटा आणि शायेन लोक तिथं आजही प्रार्थनेसाठी जातात, झाडांना रंगीत कापडं बांधतात.

मला या नावांत दोन नजरा दिसतात. वाटसरूनं आकाराला नाव दिलं, कारण त्याला पुढची वाट ठरवायची होती. तिथंच राहणाऱ्यानं नात्याला नाव दिलं. इथल्याच ब्लॅक हिल्स डोंगरांमधलं सर्वांत उंच शिखर एका लष्करी अधिकाऱ्याच्या नावानं ओळखलं जाई. २०१६ मध्ये ते लाकोटा साधुपुरुष ब्लॅक एल्क यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. या वाटेनं जाणाऱ्यानं प्रत्येक टेकडीची दोन्ही नावं विचारावीत. ‘ब्यूट’ सांगते टेकडी दिसते कशी; ‘मातो पाहा’ सांगतं ती कुणाची आहे.