रोलप्ले ग्रुपमध्ये मेंबर येतात, पण टिकत का नाहीत?

मेंबर दोनशे आणि लिहिणारे पाच-सहा. ऑनलाइन रोलप्ले ग्रुप चालवणाऱ्या अ‍ॅडमिनची ही नेहमीची तक्रार. मग पुन्हा ‘अ‍ॅक्टिव्ह मेंबर पाहिजेत’ अशी पोस्ट पडते, दहा-पंधरा नवे येतात आणि आठवड्याभरात तेही गप्प होतात.

आधी रोलप्ले म्हणजे काय, ते पाहू. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राचं बोलणं-वागणं लिहायचं. एकाने लिहिलं की दुसऱ्याने गोष्ट पुढे न्यायची. थोडक्यात हे नाटकच, फक्त संहिता आधी लिहिलेली नसते. हा प्रकार डिस्कॉर्डच्याही आधीचा आहे. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा शब्दांवर चालणारा खेळ तयार केला. त्यात अनेक जण एकाच काल्पनिक जगात वावरू शकत. आजचे ग्रुप त्याच घराण्यातले.

गप्प मेंबरचा त्रास इथे जास्त का?

मीम्सच्या ग्रुपमध्ये शंभर जण नुसते वाचत बसले तरी कुणाचं काही अडत नाही. रोलप्लेमध्ये अडतं. तिघांचा सीन सुरू आहे आणि एक जण गायब झाला, तर उरलेले दोघे त्याच्या उत्तराची वाट बघत बसतात. चार दिवसांनी त्यांचाही रस जातो. म्हणून नुसती भरती वाढवून ग्रुप जिवंत होत नाही. नव्या माणसाच्या पहिल्या पोस्टला कुणी उत्तर देतं का, यावर बरंच ठरतं.

जाहिरातीपासूनच सुरुवात करावी लागते. ‘मस्त ग्रुप आहे, या’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘1943 चा सातारा जिल्हा, प्रतिसरकारचा काळ. गावातला पोस्टमन आणि शाळामास्तर ही पात्रं रिकामी आहेत. आठवड्यातून दोनदा, किमान पाच ओळी लिहिणं अपेक्षित. वय 18 च्या पुढे.’ हे वाचून कमी लोक येतील. पण जे येतील त्यांना आपण कशाला आलोय हे माहीत असेल.

पुढचा अडथळा फॉर्मचा. काही ग्रुप पात्राचा जन्म, बालपण, भीती, आवडता रंग असं सगळं लिहून मागतात. नव्या माणसाचा निम्मा उत्साह तिथेच संपतो आणि मंजुरीची वाट बघण्यात उरलेला. नाव, काम आणि पात्राला काय हवंय, एवढं सुरुवातीला पुरतं. त्याच दिवशी एखाद्या जुन्या मेंबरने त्याच्यासोबत छोटा सीन सुरू करावा. वरच्या गोष्टीत पोस्टमन पत्र घेऊन कुणाच्याही दारात जाऊ शकतो, म्हणून असं पात्र नवख्याला सोपं. गावापासून लांब एकट्या राहणाऱ्या गूढ माणसाचं पात्र घेतलं, तर त्याच्याशी बोलायला कुणी जाणार कसं? (आणि नवे लोक नेमकं तेच निवडतात.)

जुन्यांचा कंपू हा अवघड विषय. त्यांच्या पात्रांची नाती, भांडणं आधीच जुळलेली असतात आणि नवा मेंबर लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा कडेला उभा राहतो. याला नियम करून फारसा उपयोग होत नाही. कथेतच जागा ठेवावी लागते.

नियम लागतात ते विश्वासासाठी. दुसऱ्याच्या पात्राने काय केलं, हे आपणच लिहून टाकणं म्हणजे ‘गॉडमोडिंग’. ते किती थराला जाऊ शकतं, हे ‘लॅम्डामू’ या ऑनलाइन जगात दिसलं. तिथे एका युजरने प्रोग्रामच्या मदतीने इतरांची पात्रं लैंगिक कृत्यं करताहेत असं सर्वांसमोर दाखवलं. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी 1993 मध्ये ‘द व्हिलेज व्हॉइस’मध्ये त्यावर लिहिलं. पात्रं खोटी असली तरी त्यामागच्या माणसांना झालेला त्रास खरा होता. पुढे तिथे मेंबरच्या अर्जांवर मतदान घेऊन निर्णय करण्याची पद्धत आली. अल्पवयीन मुलं असतील त्या ग्रुपमध्ये प्रौढांचे सीन वेगळे ठेवणं आणि खासगी मेसेजची तक्रार कुणाकडे करायची हे स्पष्ट असणं, याला पर्याय नाही.

बारावीची परीक्षा, नवी नोकरी, घरचं आजारपण अशा कारणांनी लोक थांबतातच. अशा वेळी पात्राला ‘मुंबईला कामाला गेला’ म्हणून बाजूला करता येतं, सीन अडत नाही आणि परतीची वाटही उघडी राहते. महिन्याला हजेरी घेऊन गप्प मेंबरना काढून टाकणारे ग्रुपही आहेत. यादी स्वच्छ दिसते, पण परत येऊ शकणारा माणूस कायमचा जातो. त्याआधी एक साधा वैयक्तिक मेसेज करून बघायला हरकत नसते.

अ‍ॅडमिनही थकतात. प्रत्येक कथानक एकाच्याच डोक्यातून येत असेल, तर तो आजारी पडला की ग्रुपही झोपतो. दोन-तीन जणांकडे गोष्टीचे वेगवेगळे धागे सोपवले, तर एक थांबला तरी बाकीचे चालू राहतात.