अंगणवाडी, नांदेड व लातूर जिल्ह्यांतील
अंगणवाडी : सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार व त्यांपैकी तीन वर्षांवरील मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण शासकीय खर्चाने देणारे केंद्र. ताराबाई मोडक यांच्या बोर्डी येथील प्रयोगांत (१९४५ पासून) या कल्पनेचे पूर्वरूप दिसते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. पुढे तिचा विस्तार मराठवाड्यातही झाला. अंगणवाडी नसलेल्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले असल्यास मागणीपासून तीन महिन्यांत केंद्र मिळावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. तथापि नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी परगावी जातात. अशा वेळी मुलाचे नाव गावच्या पटावर, तर मूल उसाच्या फडात असते. हक्क वस्तीस मिळाला, तरी स्थलांतरित मुलापर्यंत तो पोहोचविणे हेच या व्यवस्थेपुढील खरे आव्हान होय.