पाहुण्या कर्नलला आपली ओळख असावी का?

एप्रिल 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ कार्यक्रम जाहीर केला. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर त्याच्या केंद्रस्थानी आहेत. देशी प्रोसेसरवर लिनक्स सुरू झाले की त्याची बातमी होते, आणि ते योग्यच आहे. परंतु सर्व्हरच्या जगात आणखी एक कसोटी असते: एका लिनक्सच्या आत दुसरे लिनक्स चालते का? क्लाउडमध्ये भाड्याने मिळणारे ‘यंत्र’ बहुतेक वेळा व्हर्च्युअल मशीन असते. त्यातील कर्नल हा पाहुणा. खरे यंत्र यजमानाच्या, म्हणजे हायपरव्हायजरच्या, ताब्यात. आपण पाहुणे आहोत हे या कर्नलला ठाऊक असावे की नसावे, हा प्रश्न अर्धशतकाहून जुना आहे.

आयबीएमच्या अभियंत्यांनी 1960च्या दशकात सीपी-40 आणि सीपी-67 या प्रणाली घडवल्या, तेव्हा पाहुण्याला काहीच कळू नये, हा आदर्श होता. 1974 मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी त्यासाठीची अट नेमकी मांडली. यंत्राची स्थिती पालटणारी किंवा उघड करणारी प्रत्येक आज्ञा पाहुण्याने दिली, की प्रोसेसरने थबकून यजमानाला हाक मारली पाहिजे. व्यवहारात मात्र आयबीएमनेच हा आदर्श थोडा सैल केला. व्हीएम/370 सोबत येणारी सीएमएस ही लहान प्रणाली यजमानाशी थेट बोलत असे, आणि पुढे तर ती खऱ्या यंत्रावर एकटी चालूही शकेना.

इंटेलच्या एक्स-86 प्रोसेसरने ही अट पाळली नव्हती. 2000 साली रॉबिन आणि अर्व्हाइन यांनी पेंटियमच्या आज्ञावली तपासून अशा 17 अडचणीच्या आज्ञा दाखवून दिल्या. ‘पॉपएफ’ ही त्यांपैकी एक. कर्नल तिच्यामार्फत इंटरप्ट बंद करू शकतो. मात्र कर्नलचा अधिकार काढून घेतलेला असेल, तर प्रोसेसर तो बदल मुकाट्याने दुर्लक्षित करतो. ना चूक दाखवतो, ना यजमानाला कळवतो. पाहुणा समजतो की इंटरप्ट बंद झाले. प्रत्यक्षात काहीच झालेले नसते. अशा गैरसमजावर उभा असलेला कर्नल कधी कोसळेल, याचा नेम नाही.

व्हीएमवेअरने 1999 मध्ये यावर तोड काढली होती: पाहुण्याच्या आज्ञा चालू असतानाच वाचून त्यांतील धोकादायक आज्ञा बदलायच्या. केंब्रिज विद्यापीठातील ‘झेन’ प्रकल्पाने 2003 मध्ये उलट वाट धरली. पाहुण्याला सरळ सांगून टाकायचे, आणि त्याने खऱ्या यंत्राऐवजी यजमानाकडेच विनंती करायची. त्यासाठी लिनक्समध्ये सुमारे 3,000 ओळींचा बदल पुरला. मात्र ज्याचा स्रोत खुला नाही अशा कर्नलला बाहेरचे लोक ही वाट दाखवू शकत नव्हते. शिवाय लिनक्स बांधताना ‘झेन’ हे जणू वेगळेच आर्किटेक्चर म्हणून निवडावे लागे. एक कर्नल खऱ्या यंत्रासाठी, दुसरा पाहुणचारासाठी. वितरकांना दोन्ही सांभाळणे भाग होते. दरम्यान व्हीएमवेअरने आपली निराळी पद्धत पुढे केली, आणि प्रत्येक यजमानागणिक कर्नल वेगळा होण्याची भीती उभी राहिली.

तोडगा फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 सोबत आला: ‘पॅराव्हर्ट-ऑप्स’. अडचणीच्या कामांसाठी कर्नलमध्ये कार्यांचा एक तक्ता ठेवला गेला. सुरू होताना आपण कुठे आहोत ते ओळखायचे आणि त्यानुसार तक्ता भरायचा. हल्ली ही ओळख पटवायला कर्नल ‘सीपीयूआयडी’ ही आज्ञा वापरतो. उत्तरात ‘केव्हीएम’ ही अक्षरे तीनदा आली, तर यजमान कोण ते उमगते. गंमत अशी, की त्याच 2.6.20 मध्ये केव्हीएमही दाखल झाले. इंटेल आणि एएमडीच्या नव्या प्रोसेसरांत आता व्हर्च्युअलायझेशनची सोय असल्याने केव्हीएमला अज्ञानी पाहुणाही चालत होता.

मग पाहुण्याला जाणीव देण्याची गरज संपली का? डिस्क आणि नेटवर्कच्या बाबतीत नाही. अस्तित्वात नसलेल्या डिस्क-कंट्रोलरची हुबेहूब नक्कल करत बसणे खर्चिक असते, म्हणून रस्टी रसेल यांनी ‘व्हर्टआयओ’ घडवले. ते 2008च्या आरंभी 2.6.24 मध्ये आले. स्वतः कर्नल बांधणारे विद्यार्थी येथेच अडखळतात. व्हर्च्युअल मशीनला व्हर्टआयओ डिस्क जोडलेली असते, पण कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर निवडलेला नसतो; कर्नल सुरू होतो, मूळ डिस्क त्याला सापडत नाही आणि तो तिथेच थांबतो.

त्याहून सूक्ष्म प्रश्न काळाचा. यजमानाने पाहुण्याला बाजूला ठेवले की पाहुण्याचे काम थांबते, जगातला काळ मात्र पुढे जातो. परतल्यावर पाहुणा तो मधला काळ एखाद्या निरपराध प्रोग्रॅमच्या खात्यावर मांडतो. यजमानाने सांगितल्याशिवाय हा हिशेब सुधारता येत नाही, मग प्रोसेसर कितीही हुशार असो. म्हणून यजमान स्मृतीच्या एका सामायिक भागात पाहुणा किती वेळ ताटकळला ते लिहून ठेवतो. लिनक्सवर ‘टॉप’ चालवल्यास हा आकडा ‘एसटी’ या रकान्यात दिसतो. ताटकळण्याला हेच नाव मिळावे, हा मराठी वाचकांसाठी निव्वळ योगायोग.

रिस्क-फाइव्हच्या रचनाकारांपुढे हा सारा इतिहास होता. त्यांचा हायपरव्हायजर विस्तार, ज्याला ‘एच’ म्हणतात, 2021च्या अखेरीस मंजूर झाला. अनुप पटेल आणि सहकाऱ्यांनी केव्हीएमसाठीचे काम 2019 पासूनच मांडले होते, पण विनिर्देश पक्के होईपर्यंत ते मुख्य लिनक्सबाहेर राहिले. जानेवारी 2022 मधील 5.16 आवृत्तीत त्याला जागा मिळाली. येथे टायमर लावण्यासाठी कर्नल खऱ्या यंत्रावर ‘एसबीआय’ या ठरावीक संकेतांनी फर्मवेअरला विनंती करू शकतो. पाहुणा असताना तीच विनंती यजमान झेलतो. कर्नलमध्ये त्यासाठी वेगळे काही निवडावे लागत नाही. ‘एच’ विस्तार ऐच्छिक आहे, त्यामुळे तो घ्यायचा की नाही हे प्रत्येक प्रोसेसरच्या रचनाकारांनी ठरवायचे असते. आणि ताटकळलेल्या वेळेचा हिशेब येथेही चुकला नाही: 2024 मध्ये, लिनक्स 6.8 मध्ये, रिस्क-फाइव्हच्या पाहुण्यासाठीही ती सोय वेगळी जोडावीच लागली.