कुलाब्याच्या वह्या आणि आमची वही



गेल्या महिन्यात पुतणीचा फोन आला. ती हवामानाच्या आकड्यांवर काम करते. म्हणाली, "काका, तुम्ही शाळेत मुलांकडून पावसाची नोंद ठेवून घ्यायचात ना? 1989 चा जुलै मिळेल का?" मी जरा गप्पच झालो. का, ते पुढे सांगतो. पण फोन ठेवल्यावर मला आठवलं ते कुलाबा.

मुंबईची कुलाबा वेधशाळा 1826 सालची, ईस्ट इंडिया कंपनीने बांधलेली. 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. आपले केरूनाना छत्रे (लोकमान्यांचे गणिताचे गुरू, तेच!) अगदी कोवळ्या वयात तिथे साहाय्यक म्हणून लागले होते. काम भलतंच कंटाळवाणं. टांगलेला लोहचुंबक किती हलला ते मोजपट्टीवर वाचायचं आणि लिहायचं. तासाभराने पुन्हा तेच. दिवसा, रात्री, धो धो पावसातसुद्धा.

आता 1859 कडे येऊ. 1 सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत बसले होते. अचानक डागांच्या घोळक्यात दोन लखलखीत ठिपके चमकले आणि काही मिनिटांत विझले. त्यानंतर सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन थडकलं. क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातूनही ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत बॉस्टन-पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि तारेत आपोआप खेळणाऱ्या विजेवर संदेश पाठवले! लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत नोंद आपोआप छायाचित्राच्या कागदावर उतरत असे, पण वादळ एवढं मोठं की रेघ कागदाबाहेरच गेली.

कुलाब्यात माणूस डोळ्यांनी वाचत होता, म्हणून त्याची रेघ कागदाबाहेर गेली नाही. वादळ उठलं की तासाची वाट न बघता दर पाच-पंधरा मिनिटांनी वाचन घ्यायची तिथे शिस्त होती. 2 सप्टेंबरला सकाळी उशिरा आकडा धाडकन खाली आला आणि त्यांनी तो तसाच लिहून ठेवला.

माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे आहे. लिहिलेलं पुष्कळ असतं हो, प्रत्येकाच्या माळ्यावर असतं. कुलाब्याने ते वर्षावर्षाचं छापलं. पुढे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस (यांचा जन्मही 1859 चाच, काय योगायोग पहा) यांनी 1846 ते 1905 अशा साठ वर्षांच्या नोंदी एकत्र करून 1910 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. त्याआधी मुंबईत विजेच्या ट्राम यायचं ठरलं, तेव्हा त्या विजेने चुंबकाची वाचनं बिघडणार हे ओळखून वेधशाळेचं हे काम त्यांनी अलिबागला हलवलं. पण हलवताना काय केलं? 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं चालू ठेवली, म्हणजे कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा एकमेकांशी जोडता यावेत. अलिबागची ती वेधशाळा मी मुलांना सहलीला दाखवत असे, पण ही दोन वर्षांची गोष्ट तेव्हा मला ठाऊक नव्हती. मुलं मात्र समुद्राकडेच बघत बसायची. असो.

2003 साली अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले लखीना व अलेक्स वगैरे मंडळींनी हेच 1859 चे आकडे पुन्हा वाचले. घसरण निघाली सुमारे 1600 नॅनोटेस्ला. यावर तज्ज्ञांत वाद झाले. ही क्षणाची घसरण धरायची की तासाची सरासरी, हा खाली आलेला काटा नेमकं काय दाखवतो, असे. 2022 मध्ये जपानी संशोधक हायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या छापील वार्षिकाकडे परत जाऊन चुंबकत्वाचे तिन्ही घटक नव्याने मांडले. भांडता आलं, कारण आकडा सगळ्यांसमोर होता! मार्च 1989 च्या सौरवादळाने कॅनडात क्यूबेकची वीज नऊ तास घालवली. 1859 एवढं वादळ आज आलं तर काय होईल, याचा हिशेब करणाऱ्यांना कुलाब्याच्या त्या पानांकडे जावंच लागतं.

हल्ली शास्त्रज्ञ म्हणतात की माहिती सापडावी, मिळावी, दुसऱ्या माहितीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी. 2016 मध्ये याची रीतसर तत्त्वंच मांडली गेली. मूस साहेबांना ती वाचायची गरज पडली नसती.

आता आमची वही. 1989 च्या जुलैत आंबा नदीला पूर येऊन नागोठण्यात हाहाकार उडाला, त्या आठवड्यातही आमच्या शाळेच्या पर्जन्यमापकाची नोंद एकदाही चुकली नव्हती. छत्री धरून एक मुलगा आणि वही सांभाळत दुसरा, असे रोज साडेआठला जायचे. मी निवृत्त झाल्यावर शाळेची जुनी इमारत पाडली आणि कपाटासकट सगळं रद्दीत गेलं. मी बराच काळ शाळेवर चिडून होतो.

पण परवा माझ्याच ट्रंकेत त्यातली एक वही सापडली. आनंदाने उघडली. आत महिने आहेत, तारखा आहेत, आकडे आहेत. साल नाही. आकडे इंचांचे की मिलिमीटरचे तेही कुठे लिहिलेलं नाही. पुतणीला फोटो पाठवला. तिने विचारलं, "काका, पर्जन्यमापक मैदानात होता की झाडाखाली?" तेही वहीत नाही. मला आठवतं, आधी मैदानात होता, मग क्रिकेटमुळे हलवला. कोणत्या वर्षी, ते आठवत नाही.

तेव्हा माझे जे विद्यार्थी आणि भाचे-पुतणे हे वाचत असतील त्यांना विनंती. पर्जन्यमापक कधी हलवला ते कुणाला आठवत असेल तर कळवा. आणि घरी माळ्यावर निळ्या पुठ्ठ्याची वही असेल तर फोटो पाठवा, पहिल्या पानाचासुद्धा.