प्रणाली जीवशास्त्राची जडणघडण : विद्यापीठीय परिषदा, कार्यशाळा आणि सामाईक नोंदपद्धती

प्रस्तावना

विज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधांची नोंद होते, संशोधकांची चरित्रे लिहिली जातात. ज्या बैठकांमध्ये हे संशोधक एकत्र बसले त्या बैठकांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. परिषद म्हणजे अगोदर झालेल्या कामाचे निवेदन, एवढाच तिचा अर्थ घेतला जातो. प्रणाली जीवशास्त्र म्हणजेच सिस्टिम्स बायोलॉजी या विद्याशाखेच्या बाबतीत हा समज अपुरा ठरतो. पेशीतील जनुके, प्रथिने व चयापचयाच्या क्रिया यांचा सुटासुटा अभ्यास न करता, त्यांच्या परस्परसंबंधांतून उद्भवणारे वर्तन गणिती प्रतिमानांच्या साहाय्याने समजून घेणे हे या शाखेचे उद्दिष्ट होय. तिची घोषणा १९६० च्या दशकात एकदा झाली व विरून गेली. २००० मध्ये ती पुन्हा झाली आणि रुजली. या दोन घटनांतील फरकाचे एक कारण परिषदांच्या कार्यपद्धतीत सापडते, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

क्लीव्हलँड, १९६६

अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलँड येथील केस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६६ मध्ये प्रणाली सिद्धांत आणि जीवशास्त्र या विषयावर परिसंवाद झाला. त्याचे सूत्रधार मिहाय्लो मेसारोविच हे मूळचे अभियंते. परिसंवादातील निबंधांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. जीवशास्त्रज्ञ स्वतः प्रणालीच्या संकल्पनांवर आधारलेले प्रश्न विचारू लागतील तेव्हाच स्वतःची ओळख असलेले प्रणाली जीवशास्त्र अस्तित्वात येईल, अशी मेसारोविच यांची भूमिका होती. गणिती जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन यांनी त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात या ग्रंथाचे परीक्षण लिहिले.

यानंतर तीन दशके या नावाभोवती विद्याशाखा उभी राहिली नाही. त्या काळी रेण्वीय पातळीवरील माहिती तुटपुंजी होती, हे कारण नेहमी सांगितले जाते व ते खरेही आहे. तथापि ते पुरेसे नाही, कारण गणिती प्रतिमाने त्या काळातही तयार होत होती. हॉजकिन व हक्सली यांनी १९५२ मध्ये चेतातंतूतील विद्युत्स्पंदाची समीकरणे मांडली. डेनिस नोबल यांनी त्याच धर्तीवर हृदयपेशीचे प्रतिमान १९६० मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी लंडन विद्यापीठाच्या फेरांटी मर्क्युरी संगणकावर त्यांना पहाटे दोन ते चार ही वेळ मिळत असे. उणीव होती ती अशी प्रतिमाने एका प्रयोगशाळेतून दुसरीत जशीच्या तशी नेण्याच्या सोयीची. छापील समीकरणे वाचून प्रत्येकाने आपली आज्ञावली नव्याने लिहावयाची, हीच रीत होती. क्लीव्हलँडच्या परिसंवादाने या शाखेला एक विचार दिला, परंतु त्या विचारानुसार एकत्र काम करण्याचे साधन त्यातून निघाले नाही.

पॅसाडेना ते टोकियो

१९९० च्या दशकात हीच अडचण वेगळ्या रूपात समोर आली. पेड्रो मेंडिस यांची गेपासी, जपानच्या केइओ विद्यापीठात मासारू तोमिता यांच्या गटाने विकसित केलेली ई-सेल, यांसारख्या संगणक-आज्ञावल्या तयार झाल्या होत्या. ई-सेल गटाने तर १२७ जनुकांची एक काल्पनिक पेशी संगणकावर उभी केली. परंतु एका आज्ञावलीत रचलेले प्रतिमान दुसरीला वाचता येत नव्हते. एप्रिल २००० मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे कॅलटेकमध्ये या आज्ञावल्यांच्या निर्मात्यांची कार्यशाळा भरली. परस्परांची स्पर्धक असलेली ही मंडळी तेथे एका सामाईक नोंदपद्धतीच्या गरजेवर एकमत झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हिरोआकी किटानो यांच्या पुढाकाराने टोकियो येथे प्रणाली जीवशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि तिला जोडूनच या गटाची पुढील बैठक पार पडली. मार्च २००१ मध्ये सिस्टिम्स बायोलॉजी मार्कअप लँग्वेज, संक्षेपाने एसबीएमएल, या पद्धतीची पहिली आवृत्ती निश्चित झाली.

आंतरराष्ट्रीय परिषद पुढे पॅसाडेना, स्टॉकहोम, सेंट लुईस, हायडेलबर्ग अशी दरवर्षी फिरत राहिली. तिच्या व्याख्यानांपेक्षा तिला जोडून होणाऱ्या छोट्या बैठकांनी या शाखेचे अधिक हित केले, असे म्हणणे धाडसाचे असले तरी चुकीचे नाही.

विद्यापीठांची रचना मात्र या वेगाने बदलली नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील लीरॉय हूड यांना आंतरविद्याशाखीय काम विद्यापीठाच्या चौकटीत बसणार नाही असे वाटले. ते बाहेर पडले व २००० मध्ये सहकाऱ्यांसह सिॲटल येथे त्यांनी स्वतंत्र संस्था स्थापन केली. याउलट हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाने २००३ मध्ये मार्क किर्शनर यांच्या नेतृत्वाखाली प्रणाली जीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला.

मँचेस्टर, २००७ : यीस्टचा एकच नकाशा

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद बैठक एप्रिल २००७ मध्ये मँचेस्टर येथे झाली. यीस्टच्या पेशीतील चयापचयाचे संपूर्ण जाळे रेखाटण्याचे काम २००३ पासून चालू होते. पहिल्या रेखाटनात ७०८ जनुकांचा समावेश होता. त्यावरून वेगवेगळ्या गटांनी सुधारित आवृत्त्या काढल्या आणि एकाच पूर्वजापासून निघालेल्या या आवृत्त्यांची परस्परांशी तुलनाही होईना. कारण अगदी घरगुती होते. एकच रासायनिक पदार्थ एका यादीत एका नावाने, तर दुसऱ्या यादीत दुसऱ्या नावाने नोंदला गेला होता. दोन नोंदी एकाच पदार्थाच्या आहेत की नाहीत, हे जाणकाराला अंदाजाने कळे. संगणकाला ते कळणे शक्य नव्हते.

मँचेस्टरला या गटांचे प्रतिनिधी एकत्र बसले. वाद असलेल्या क्रियांचा पुरावा तपासण्यात आला आणि प्रत्येक पदार्थाला सार्वजनिक माहितीसंग्रहातील ओळखक्रमांक जोडण्याचे धोरण ठरले. एकमताने तयार झालेले जाळे २००८ मध्ये एसबीएमएल स्वरूपात प्रसिद्ध झाले. बैठकीला त्यांनी ‘जॅम्बोरी’ असे स्काउटांच्या मेळाव्याचे नाव दिले होते. तेथे प्रत्यक्षात झाले ते कारकुनी काम, आणि तेच आवश्यक होते. आपले प्रतिमान मागे ठेवून सामाईक प्रतिमान स्वीकारण्यास संशोधक सहज तयार होत नाहीत. ही तयारी पत्रव्यवहाराने आली असती असे वाटत नाही.

भारतातील एक प्रयोग

भारतात या कार्यपद्धतीचा एक वेगळा आविष्कार दिसतो. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये क्षयरोगावरील औषधांसाठी खुला संशोधन प्रकल्प सुरू केला. त्याअंतर्गत २०१० मध्ये ‘कनेक्ट टू डीकोड’ हा उपक्रम राबविण्यात आला. क्षयाच्या जिवाणूचा जनुकसंच १९९८ मध्येच उलगडला होता. त्यात सुमारे ४,००० जनुके आहेत. या जनुकांविषयी विखुरलेले शोधनिबंध वाचून त्यांतील माहिती ठराविक पद्धतीने नोंदविण्याचे काम देशभरातील विद्यार्थी व संशोधकांनी इंटरनेटच्या माध्यमातून केले. त्यावर आधारित प्रथिनांच्या परस्परसंबंधांचे जाळे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. या कामाला महागडी उपकरणे लागत नव्हती. वाचनाची शिस्त आणि नोंदीचे ठरलेले नियम पुरेसे होते. सुसज्ज प्रयोगशाळा नसलेल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. आपल्याकडील चर्चासत्रे उद्घाटन, बीजभाषण, निबंधवाचन आणि प्रमाणपत्रवाटप या क्रमाने संपतात. सहभागींनी मिळून एखादी नोंदवही पूर्ण करावी, अशी योजना त्यांत क्वचितच आढळते.

नोंदीची फेरतपासणी

सामाईक नोंदपद्धती असली म्हणजे ती पाळली जातेच असे नाही. प्रसिद्ध प्रतिमानांचा ‘बायोमॉडेल्स’ हा संग्रह २००५ पासून उपलब्ध आहे. त्याच्याशी संबंधित संशोधकांनी ४५५ प्रतिमानांची तपासणी करून तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. मूळ निबंधातील माहितीच्या आधारे त्यांपैकी ४९ टक्के प्रतिमानांचे निष्पन्न पुन्हा मिळविता आले नाही. चुका दुरुस्त करून वा मूळ लेखकांशी संपर्क साधून आणखी १२ टक्के प्रतिमाने मार्गी लागली. उरलेल्या ३७ टक्क्यांचे काहीच करता आले नाही. आढळलेल्या दोषांत समीकरणातील अधिक-उणे चिन्हांची चूक, न दिलेली स्थिरांकांची मूल्ये, न नोंदविलेली आरंभीची स्थिती यांचा समावेश होता. हे निबंध तज्ज्ञांकडून परीक्षण होऊनच छापले गेले होते. त्यामुळे या संशोधकांनी परीक्षक व संपादक यांच्यासाठी आठ मुद्द्यांची एक तपासणी-सूची सुचविली आहे.