एकाच ड्रिलने सगळी भोके पाडण्याचा आग्रह

व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर घरी बांधू पाहणाऱ्याला हल्ली एकच सल्ला मिळतो: चांगला स्टेप ड्रिल घ्या, चार ते बत्तीस मिलिमीटरचा, बाकी काही लागत नाही. हा सल्ला देणारे लोक अनुभवी असतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. म्हणून खंडनाआधी त्यांचा पक्ष नीट मांडायला हवा.

साधा ड्रिल बिट जाड लोखंडासाठी घडवलेला असतो. पातळ पत्र्यात त्याचे टोक आरपार जाते तेव्हा कडेची धार अजून पुरती बसलेली नसते. टोकाचा आधार सुटतो, बिट डगमगतो आणि भोक गोल न होता तिकोनी होते. मोठा बिट असेल तर तो पत्रा पकडून गरकन फिरवतो. हात कापतो तो अशा वेळी. स्टेप ड्रिलमध्ये हा दोष नाही. त्याची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या भोकात टेकून फिरते, म्हणून भोक गोल येते. पुढची पायरी किंचित टेकवली की वरची कडही साफ होते. शिवाय एकाच हत्यारात पंधरा मापे मिळतात. पोटेन्शिओमीटर, जॅक, टॉगल स्विच, पायलट दिवा यांच्या दहा-बारा मिलिमीटरपर्यंतच्या भोकांसाठी याहून सोयीचे हत्यार मला माहीत नाही. इथवर वाद नाही.

वाद सुरू होतो तो व्हॉल्व्हच्या सॉकेटपाशी. ईएल३४, ६व्ही६, केटी६६ यांचा आठ पिनांचा ऑक्टल पाया १९३५ साली आरसीएच्या धातूच्या व्हॉल्व्हबरोबर बाजारात आला. त्याच्या सॉकेटला सॉकेटच्या घडणीप्रमाणे २८ ते ३० मिलिमीटरचे भोक लागते. ईसीसी८३सारख्या नऊ पिनांच्या व्हॉल्व्हला १९ ते २२ मिलिमीटर लागते. या मापांना आले की स्टेप ड्रिलचे गुणच त्याच्या आड येतात.

पहिली अडचण वेगाची. ३० मिलिमीटरच्या पायरीचा परीघ ९४ मिलिमीटर. साध्या दहा मिलिमीटरच्या हातड्रिलचा वेग मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या आसपास असतो. म्हणजे धार मिनिटाला सुमारे २६० मीटर धावते. हायस्पीड स्टीलच्या धारेला मऊ लोखंडात मिनिटाला २५ ते ३० मीटर एवढाच वेग झेपतो. त्या हिशेबाने या मापाला तीनशेच्या आसपास फेरे हवेत. जवळजवळ नऊपट वेगाने फिरवलेली धार पत्रा कापत नाही, घासते. पत्रा निळा पडतो, धार मऊ होते आणि पुढच्या कामाला तो ड्रिल निकामी होतो. मग दोष चिनी मालाला दिला जातो. वरचा सोनेरी मुलामा टायटेनियम नायट्राइडचा असतो. तो घर्षण कमी करतो, पण नऊपट वेगाची भरपाई करत नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये तर घासलेली जागा आणखी कडक होते आणि काम तिथेच थांबते. ट्रिगर अर्धा दाबून वेग कमी करता येतो, पण साध्या ड्रिलचा जोरही त्याबरोबर ओसरतो. दोन गिअरच्या बॅटरी ड्रिलचा पहिला गिअर या कामाला खरोखर चांगला. पण सल्ला देणारे ड्रिल बिटचे नाव सांगतात, गिअरचे नाही.

दुसरी अडचण खोलीची, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ३० मिलिमीटरच्या पायरीपर्यंत पोचताना ड्रिलचे टोक पत्र्याखाली बरेच खोल उतरलेले असते. चॅसिस ही वाकवून केलेली पेटी. तिची उंची बहुधा ५० ते ७५ मिलिमीटर. वरून भोक पाडताना टोक टेबलात घुसते, आणि पुढच्या पट्टीत भोक पाडताना समोरच्या भिंतीला जाऊन भिडते. त्याहून वाईट म्हणजे भोकाखाली लाकडाचा ठोकळा लावता येत नाही, कारण टोकाला मोकळी जागा हवी. आधार नसलेला १८ गेजचा पत्रा दाबाने खाली वाकतो आणि मागच्या बाजूला जाड बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, निघते.

तिसरी गोष्ट म्हणजे चूक झाल्यास मोजावी लागणारी किंमत. पायरी ओलांडायला अर्धा सेकंद लागतो. २८ ऐवजी ३० झाले की ते परत येत नाही. बहुतेक स्टेप ड्रिल दोन-दोन मिलिमीटरने वाढतात, मधले माप त्यात नसतेच.

कडेचा प्रश्न मी सौंदर्याचा मानत नाही. ईएल३४च्या प्लेटवर चारशे-साडेचारशे व्होल्ट डीसी असतात. ट्रान्सफॉर्मरच्या तारा ज्या भोकातून चॅसिसच्या पोटात जातात, त्या भोकाची कड धारदार राहिली आणि रबरी ग्रोमेट बसला नाही, तर वर्षभराच्या थरथरीने इन्सुलेशन कापले जाते. अर्थिंगही सैल असेल तर अख्खी पेटी जिवंत होते. म्हणून हत्यार निवडताना ‘भोक किती लवकर पडते’ हा प्रश्न मागे ठेवावा. कड कशी सुटते आणि ती आतून साफ करता येते का, हे आधी विचारावे.

या कसोटीवर सॉकेटच्या भोकासाठी जुने नॉकआउट पंच आजही सरस ठरतात. १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात विल्यमसनचा अॅम्प्लिफायर प्रसिद्ध झाला आणि तो घरोघरी बांधला गेला, तेव्हा ब्रिटनमधले हौशी लोक क्यू-मॅक्सचे कटर वापरत, अमेरिकेत ग्रीनलीचे. त्यांच्याकडे दुसरे काही नव्हते म्हणून ते पंच वापरत, असे आज सांगितले जाते. पंच काम कसे करतो हे पाहिले तर हे म्हणणे टिकत नाही. मध्ये एक लहान भोक पाडून त्यातून बोल्ट घालायचा. पत्र्याच्या एका बाजूला धारेचा पंच, दुसऱ्या बाजूला पोकळ डाय. पान्याने बोल्ट आवळला की पंच पत्रा कातरत डायमध्ये उतरतो. इथे वेगाचा प्रश्नच उद्भवत नाही, उष्णता नाही, ड्रिलसारखा भुगाही नाही.

जोर किती लागतो? परीघ, पत्र्याची जाडी आणि धातूचा कातरण्याला होणारा विरोध यांचा गुणाकार करावा. १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर मऊ लोखंडात ३० मिलिमीटरच्या भोकाला हिशेब साडेचार टनांच्या घरात जातो. मऊ अॅल्युमिनियममध्ये टन-दीड टन. सगळा परीघ एकदम कातरायचा असता तर दहा मिलिमीटरच्या बोल्टला ते लोखंड जड गेले असते. म्हणून पंचाची धार सपाट नसते, ती उतरती असते, आणि एका वेळी परिघाचा थोडाच भाग कातरते. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावावे. न लावणारे दोन-चार कामांत आटे खातात. पंच बाहेरून आणि डाय आतून ठेवावा, म्हणजे बर आतल्या बाजूला येते आणि अर्धगोल कानशीने काढता येते.

यावर खरा आक्षेप असा: एका पंचात एकच माप, आणि प्रत्येक माप विकत घ्यायचे म्हटले तर खर्च कोण करणार? आक्षेप रास्त आहे, पण अॅम्प्लिफायर समोर ठेवून मोजा. दोन चॅनेलच्या पुश-पुल अॅम्प्लिफायरमध्ये चार ऑक्टल आणि तीन-चार नऊ पिनी सॉकेट असतात. भोके सात-आठ, मापे दोन. आणि ही दोन मापे इथे दुर्मिळ नाहीत. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात किंवा नाशिकच्या अंबडला कंट्रोल पॅनेल बांधणारे लोक पुशबटणासाठी २२.५ आणि ३०.५ मिलिमीटरची भोके रोज पाडतात. त्यांच्या पंचाचे पहिले माप बहुतेक सिरॅमिक नऊ पिनी सॉकेटला चालते, दुसरे मोठ्या ऑक्टल सॉकेटला. ‘चॅसिस पंच’ म्हणून विचारले की मुंबईच्या नागदेवीतला दुकानदार मान हलवतो. ‘पॅनेलचा नॉकआउट पंच’ म्हणून विचारावे. मात्र सॉकेट आधी आणावे, व्हर्नियरने मोजावे, मग पंच घ्यावा.

पंचाचेही बंधन आहे. लाकडी चौकटीवर तीन मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पाटी बसवणारे बरेच जण आहेत. तिथे हाताने आवळायचा पंच अडू शकतो. अशा पाटीला होल सॉ घ्यावा. तो बदनाम झाला आहे तो हातड्रिलवर मोकळ्या पत्र्यात चालवल्यामुळे. पाटी दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये दाबून, पिलर ड्रिलवर, कमी वेगाने आणि रॉकेलचे थेंब सोडत चालवला तर कड स्वच्छ येते. रॉकेल नसले की अॅल्युमिनियम दातांत चिकटते आणि कापणे थांबते.

चौकोनी भोकांपुढे तर स्टेप ड्रिलचा पक्ष गप्पच बसतो. मेन्सच्या तीन पिनी इनलेटला सुमारे २७ बाय २० मिलिमीटरची खिडकी लागते, खाली उतरवून बसवायच्या ट्रान्सफॉर्मरला त्याहून कितीतरी मोठी. रेषेच्या आतून तीन मिलिमीटरची भोके ओळीने पाडायची, मधले तुकडे छन्नीने तोडायचे आणि कानशीने रेषेपर्यंत यायचे. आयटीआयमधला फिटर हेच शिकतो. अॅल्युमिनियम पातळ असेल तर हाताचा निबलर हे काम निम्म्या वेळात करतो, पण त्याचा जबडा आत शिरायला आधी ११-१२ मिलिमीटरचे भोक लागते. ते पाडायला स्टेप ड्रिल हवाच.

लेझर कटिंगला द्या म्हणणाऱ्यांशी माझे फारसे भांडण नाही. आराखडा पक्का असेल तर द्यावेच. पण पहिल्या यंत्राचा आराखडा पक्का नसतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कुठल्या कोनात ठेवला की हम कमी येतो, हे तो बसवून, ऐकून ठरते, आणि मग पुन्हा भोक पाडावे लागते. दुसऱ्या यंत्राला लेझरवाल्याकडे जाताना पत्र्याची जाडी, प्रत्येक सॉकेटचे मोजलेले माप आणि ‘दोन्ही बाजूंची बर काढून’ हे तिन्ही ऑर्डरवर लिहून द्यावे.